जुना रिसीव्हर आणि मोठे स्पीकर ठेवावेत की नवे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्यावेत?

खर्ज

आमच्याकडे सत्तरच्या दशकातली यंत्रणा आहे: दर चॅनलला ४५ वॅटचा स्टीरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र), बारा इंची वूफरचे थ्री-वे स्पीकर (खर्ज, मधले आणि तार स्वर यांना वेगवेगळे ड्रायव्हर, त्यातला खर्जाचा तो वूफर) आणि डायरेक्ट ड्राइव्ह (मोटरच थेट तबकडी फिरवते असा) टर्नटेबल. सगळं चालू आहे, रोज वाजतं. पण जागा फार खातं. शेल्फवर मावणारे दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, ज्यांच्या आतच अ‍ॅम्प्लिफायर आणि डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असतो, तेवढ्यावर भागेल का, असा विचार मनात घोळतोय.

या विषयावर वाचायला गेलं की दोनच सूर ऐकू येतात. 'आता तसं काही बनतच नाही' हा एक, आणि 'विज्ञान पुढे गेलंय, भंगार काढा' हा दुसरा. दोन्हीकडचे लोक सगळी यंत्रणा एकाच गाठोड्यात बांधून बोलतात. मला वाटतं आधी गाठोडं सोडायला हवं. अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, टर्नटेबल आणि डिजिटल स्रोत यांचं वय सारख्या वेगाने होत नाही, आणि त्यांच्यातली प्रगतीही सारखी झालेली नाही. मग नवं खरोखर पुढे कुठे गेलंय? जुनं अजून तोडीस तोड कुठे आहे? दोन्ही शेजारी ठेवून ऐकलेल्यांनी जरूर लिहा.

रानवारा

जुनं ते सोनं. अ‍ॅल्युमिनियमचं जाड बटण फिरवताना हाताला जे जाणवतं ते टचस्क्रीनवर नाही. ठेवा.

डेसिबल

रानवारा, बटणाचं सुख मलाही आवडतं, पण ते हाताचं सुख झालं. कानाचं वेगळं मोजावं लागेल.

खर्ज, तुमची विभागणी पटली. माझ्या मते सगळ्यात मोठी झेप स्पीकरमध्ये आहे. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वूफर आणि पेटी यांचं गणित नीट मांडलं. त्याआधी पेटी केवढी आणि पोर्ट (पेटीतली हवेची नळी) किती लांब हे बरंचसं करून बघून ठरायचं. तुमचे स्पीकर ज्या काळातले आहेत तेव्हा हे गणित नुकतंच रुळत होतं. आज ड्रायव्हरचा कोन (हवा हलवणारा पडदा) कुठे वाकतो, कुठे थरथरतो हे बनवण्याआधीच संगणकावर दिसतं, आणि क्लिपेल या मापन-उपकरणांच्या कंपनीच्या निअर-फील्ड (जवळून मोजणाऱ्या) स्कॅनरने साध्या खोलीतसुद्धा स्पीकरचं सर्व दिशांचं मापन घेता येतं.

दिशांवर जोर देतोय त्याला कारण आहे. आपण स्पीकरचा समोरून येणारा आवाज ऐकतो तसा भिंतींवरून परतलेलाही ऐकतो. बऱ्याच जुन्या थ्री-वे स्पीकरमध्ये ड्रायव्हर पुढच्या फळीवर जागा मिळेल तसे बसवलेले असायचे. नेमक्या जागी बसलात तर ठीक, जरा बाजूला सरकलात की मधल्या पट्टीत खड्डा. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी ऐकणाऱ्याला कोणता स्पीकर वाजतोय ते न कळू देता चाचण्या घेतल्या. समोरून सपाट आणि बाजूंनाही सुरळीत वाजणारे स्पीकर लोकांनी पुन्हा पुन्हा वर ठेवले. हे ज्ञान आता साध्यासुध्या स्पीकरपर्यंत झिरपलंय.

तांब्याची तार

डेसिबल, तुम्ही निम्मीच गोष्ट सांगितलीत. केएलएच या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे हॉफमन. त्यांचा नियम प्रसिद्ध आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. जुन्या लोकांनी पेटी मोठी ठेवली आणि बाकीच्या दोन पदरात पाडून घेतल्या. नव्यांनी पेटी लहान केली आणि वर वॅट ओतले.

बारा इंची कोन एक मिलिमीटर हलून जेवढी हवा ढकलतो, तेवढी ढकलायला पाच इंची कोनला जवळजवळ सहा मिलिमीटर हलावं लागतं. एवढी धावाधाव करताना तो गाणाऱ्याचा मधला स्वरही वाजवत असतो, कारण छोटा स्पीकर बहुधा टू-वे (दोनच ड्रायव्हरचा) असतो. डग्ग्याचा घुमारा मोठ्या वूफरवर ऐका आणि मग छोट्यावर. छोट्यावर तो स्वर असतो, पण कातड्यावरची थाप आणि मागून उठणारा घुमारा यांच्यातली जागा हरवते.

डेसिबल

हिशेब बरोबर आहे. एका वॅटवर ८४ डेसिबल वाजणाऱ्या स्पीकरला ९२ डेसिबल वाजणाऱ्या स्पीकरएवढं वाजायला सहापटीहून थोडे जास्त वॅट लागतात. पण वॅट आता सहज मिळतात. क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणारा) ८५-९० टक्के कार्यक्षमतेने चालतो, त्यामुळे तळहाताएवढ्या बोर्डातून १०० वॅट निघतात आणि हीटसिंक कोमट राहतो. लहान स्पीकरची खरी मर्यादा कोनच्या हालचालीची आणि व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) तापण्याची. मोठ्या खोलीत जोरात ऐकणाऱ्याला ती लवकर भेटेल. दोन मीटरवर बसून रोजच्या आवाजात ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा भेटणारच नाही.

तुमचा थ्री-वेचा मुद्दा मात्र मानतो. त्याला नव्यातलं उत्तर म्हणजे वेगळा सबवूफर, ८० हर्ट्झच्या आसपास तोडलेला (त्याखालचेच स्वर वाजवणारा). मग पाच इंची कोन मोकळा होतो.

तांब्याची तार

म्हणजे जागा वाचवायला निघालो आणि तिसरी पेटी घरात आणली :)

निरुपमा

जुनं म्हणजे मोठं असं इथे आपोआप धरलं जातंय. १९५४ चा अ‍ॅकॉस्टिक रिसर्चचा एआर-१ मुळात पेटी लहान करायलाच निघाला होता. एडगर व्हिलचर यांनी पेटी बंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. आणि सत्तरच्या दशकात बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा एलएस३/५ए तयार केला. साधारण पाच लिटरची बंद पेटी, पाच इंची वूफर. खर्ज बेताचाच, वॅट भरपूर लागतात, पण माणसाचा आवाज असा येतो की आजही लोक त्याच्याशी तुलना करतात. तेव्हा छोटं-मोठं हा वाद जुन्या-नव्याचा नाही, तो तेव्हाही होताच.

माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. मी बहुतेक वेळा रात्री, हळू आवाजात ऐकते. जुन्या रिसीव्हरवर लाउडनेसचं बटण असतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्ज बाकीच्या पट्टीपेक्षा फार जास्त कमी ऐकू येतो. हे बटण तो खर्ज भरून काढतं. नंतर 'शुद्ध सिग्नल'च्या नावाखाली अनेक कंपन्यांनी ते काढून टाकलं, सोबत बेस-ट्रेबलही. हळू आवाजात ऐकणाऱ्यासाठी ते बटण अतिशय मोलाचं आहे, आणि ज्या नव्या यंत्रात डीएसपी वापरून हे पुन्हा आणलंय ते यंत्र मी आनंदाने घेईन.

फिरती तबकडी

लाउडनेसला +१. मराठी भावगीतं रात्री त्याशिवाय अगदी कोरडी लागतात.

अवलिया

ज्या अ‍ॅम्प्लिफायरवर मांजर येऊन झोपतं तो चांगला, हा माझा निकष. क्लास डीवर एकही मांजर झोपलेलं पाहिलं नाही.

सोल्डरगन

अवलिया, तुमच्या मांजराला दुसरी जागा दाखवा. वरच्या जाळीतून केस आत जातात आणि गरम हवा अडते.

मी दुरुस्तीच्या टेबलावरून लिहितोय. जुन्या-नव्याची तुलना करताना बहुतेक जण निरोगी नव्या अ‍ॅम्प्लिफायरची आजारी जुन्याशी तुलना करतात. 'जुन्याचा आवाज मऊ आहे' असं सांगत एखादा सेट येतो, उघडून पाहावं तर सिग्नलच्या वाटेतले कपॅसिटर सुकलेले असतात. तो मऊपणा बनवणाऱ्याने दिलेला नसतो.

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार: एक चॅनल हळू आवाजात गायब असतो आणि व्हॉल्यूम वाढवला की टक्कन परत येतो. यात ट्रान्झिस्टरला दोष देऊ नका. आउटपुटचा स्पीकर रिले (स्पीकर जोडणारा स्विच) काळा पडलेला असतो, किंवा टेप मॉनिटरचं बटण वर्षानुवर्षं न हलवल्याने आतून गंजलेलं असतं. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर ही पोटेन्शिओमीटरमधली घाण. कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते. सतत गुणगुण येत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर बघायचे.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी ठेवलं तर आयुष्य दुप्पट होतं. म्हणून हीटसिंकच्या शेजारचे आधी जातात आणि लांबचे तितकेच जुने कपॅसिटर मीटरवर ठणठणीत निघतात. 'सगळे कपॅसिटर सरसकट बदला' हा सल्ला मला पटत नाही. पन्नास-साठ ठिकाणी झाळकाम करताना जुन्या बोर्डाचे ट्रॅक उचकटतात, आणि मग खरं दुखणं सुरू होतं. आधी मोजा. स्पीकरच्या टर्मिनलवर, स्पीकर न जोडता, डीसी ऑफसेट (आवाज नसतानाही येणारा स्थिर व्होल्टेज) बघा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. मग सर्व्हिस मॅन्युअल बघून बायस (ट्रान्झिस्टरमधला स्थिर प्रवाह) जागेवर आणा.

बरीच वर्षं बंद पडून असलेला सेट थेट मेन्सला लावू नका. ६० किंवा १०० वॅटचा फिलामेंटवाला बल्ब सिरीजमध्ये टाका. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे. आणि ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे त्यांनी झाकण काढण्याआधी दोनदा विचार करावा. आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो.

ऐंशीच्या दशकातल्या सेटबद्दल एक इशारा. त्यातल्या अनेकांत सुटे आउटपुट ट्रान्झिस्टर नसून सान्योचा एसटीके मॉड्यूल असतो. तो आता बनत नाही आणि बाजारात नकली भरपूर आहेत. सत्तरच्या दशकातला सुट्या ट्रान्झिस्टरचा सेट या बाबतीत जास्त सुखाचा. जोडीचे ट्रान्झिस्टर, बरोबर निवडले तर, आजही बसवता येतात.

एकलव्य

सोल्डरगन, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

दुरुस्तीवरून आठवलं. माझा एक नेटवर्क स्पीकर होता, आवाजाला उत्तम. बनवणाऱ्या कंपनीने त्याचं अ‍ॅप बंद केलं आणि स्पीकर मुका झाला. त्यात एकही भाग बिघडलेला नव्हता. ऑक्स (तारेने जोडायचा) इनपुटही दिलेला नव्हता. जुन्या रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट छापलेलं असायचं, कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट हवेत तेही. नव्या बोर्डावर सगळं एकमेकांना चिकटलेलं, चिपवरचा नंबर कधी कधी खरवडलेला. तुलनेत हेसुद्धा धरायला हवं. पन्नास वर्षांनी आजच्या अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमधला कोणता भाग जिवंत करता येईल?

डेसिबल

हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून मी पॅसिव्ह (आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेले) स्पीकर, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि बदलता येणारा स्ट्रीमर (इंटरनेटवरून संगीत वाजवणारा डबा) असंच सुचवतो. अ‍ॅक्टिव्ह घ्यायचाच तर निदान अ‍ॅनालॉग इनपुट असलेला घ्या.

फिरती तबकडी

टर्नटेबलवर कोणी बोललंच नाही, तर मी बोलतो.

यात जुनं सहज तोडीस तोड आहे. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० हा डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल आणला आणि १९७२ मध्ये एसएल-१२००. त्याचं उत्पादन २०१० मध्ये थांबलं आणि २०१६ मध्ये लोकांच्या मागणीमुळे पुन्हा सुरू झालं. ज्या यंत्राची मूळ कल्पना एवढी वर्षं टिकते, तिथे 'जुनं' शब्दाला अर्थ राहत नाही. आज सुरुवातीच्या पातळीवर मिळणारे हलके प्लास्टिकचे टर्नटेबल त्या काळच्या जड यंत्रांच्या जवळपासही नाहीत.

पण टर्नटेबल जुना असला तरी कार्ट्रिज (सुई बसवलेला, आवाज उचलणारा भाग) आणि सुई नवी हवी. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजचं वजन रेकॉर्डवर कितीतरी ग्रॅम पडतं. चांगली मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आतबाहेर चालते. झिजलेली सुई रेकॉर्ड कायमची खराब करते, तिथे काटकसर नको. आणि खर्ज, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घेणार असाल तर हे लक्षात ठेवा: मूव्हिंग मॅग्नेटमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. ते वाढवायला आणि आरआयएएच्या (रेकॉर्ड कापतानाच्या मानकाच्या) वक्राप्रमाणे खर्ज उचलून तार स्वर खाली आणायला फोनो स्टेज लागते. तुमच्या रिसीव्हरमध्ये ती आहे. बऱ्याच नव्या स्पीकरमध्ये नाही.

रानवारा

आणि सीडी-स्ट्रीमिंगपेक्षा रेकॉर्ड सरस वाजते हे तरी सगळे मान्य करतील ना?

डेसिबल

नाही करणार :) १९८२ ला आलेल्या सीडीत १६ बिटमुळे सुमारे ९६ डेसिबलची व्याप्ती (सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातलं अंतर) आहे, रेकॉर्डची सर्वसाधारणपणे ६०-७०. माध्यम म्हणून डिजिटल निःसंशय पुढे आहे.

फिरती तबकडी

माध्यम पुढे आहे, पण त्यात भरलेला माल नेहमी पुढे नसतो. नव्वदच्या दशकापासून अनेक सीडी आणि पुनर्मुद्रणं मोठी वाजावीत म्हणून दाबून सपाट केली गेली. हळू जागा आणि जोराची जागा यांतला फरकच पुसला गेला. ९६ डेसिबलची जागा उपलब्ध असून त्यातली दहा-बाराच वापरली तर उपयोग काय? त्याच ध्वनिमुद्रणाच्या जुन्या रेकॉर्डवर आलापातला श्वास राहिलेला असतो. रानवाराला जो फरक ऐकू येतो तो खरा आहे, फक्त तो यंत्रातून येत नाही, मास्टरिंगमधून (ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या घडणीतून) येतो. उलटही होतं: काळजीने केलेलं नवं डिजिटल रूपांतर झिजलेल्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी जास्त उलगडून दाखवतं.

डेसिबल

हे शंभर टक्के मान्य.

तांब्याची तार

वॅटबद्दल एक राहिलं. जुन्या ४५ वॅटला नव्या डब्यावरच्या आकड्यांशी ताडून बघू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला की अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती सांगताना ती सतत देता येणारी, किती ओहमवर, किती विकृतीसह, हे सांगायचं, आणि तीही दोन्ही चॅनल एकाच वेळी वाजत असताना. त्या काळच्या रिसीव्हरचे ट्रान्सफॉर्मर उगाच जड नाहीत. पायोनिअरचा १९७८ चा एसएक्स-१९८० दर चॅनलला २७० वॅटचा होता आणि वजन ३५ किलोच्या घरात. दुसऱ्या टोकाला एनएडी ३०२०, त्याच सुमाराचा, कागदावर फक्त २० वॅट, पण अवघड स्पीकरही नेटाने ओढायचा. नंतर पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल शक्तीचे) हजारोंतले आकडे आले, त्यांना काही अर्थ नाही. छोट्या क्लास डी बोर्डाच्या बाबतीत सोबतचा अ‍ॅडॅप्टर बघा. २४ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर म्हणजे एकूण ७२ वॅट. त्यातून दोन चॅनलना १००-१०० वॅट सतत निघणार कसे?

निरुपमा

आणि खोली? चार मीटर लांब खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास पहिला अनुनाद येतो, मग स्पीकर कोणत्याही सालचा असो. खर्जाबद्दलची निम्मी भांडणं स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले तर मिटतील. इथे नव्याचा एक मोठा फायदा मला दिसतो. मायक्रोफोनने मोजून डीएसपीने अनुनादाचा तो फुगवटा कापता येतो. जुन्या रिसीव्हरला ते जमत नाही, पण स्ट्रीमर किंवा संगणकात ते करून मग जुन्या रिसीव्हरला सिग्नल देता येतो. जुनं-नवं एकत्र नांदायला काहीच हरकत नाही.

एकलव्य

घरी तुलना करायची तर कशी करावी?

डेसिबल

आवाज जुळवल्याशिवाय करू नका. दोनातला एक अर्ध्या डेसिबलने जरी मोठा असेल तरी तो मोठा न वाटता 'जास्त खुला', 'जास्त स्पष्ट' वाटतो. दोन अ‍ॅम्प्लिफायर ताडायचे तर एकच स्पीकर वापरा, ४०० हर्ट्झचा सूर लावून टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट सारखे करा, आणि कोणता चालू आहे हे दुसऱ्या कुणालातरी ठरवू द्या. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर निरोगी असतील आणि ताकदीबाहेर ओढले नसतील तर फरक सांगणं फार अवघड जातं. स्पीकरचा फरक मात्र कुणीही शेजारच्या खोलीतून ओळखेल.

खर्ज

सगळ्यांचे मनापासून आभार. डेसिबल म्हणतात तसं व्होल्ट जुळवून माझा रिसीव्हर आणि मित्राचा नवा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर माझ्याच स्पीकरवर ऐकले. फरक नाही म्हणण्याइतका थोडा. उलट मित्राचे छोटे स्पीकर आणि माझे मोठे, यांत जमीन-अस्मानाचं अंतर. त्याचे स्पीकर गाणाऱ्याला नेमका मध्यभागी उभा करतात, खोलीत कुठेही बसलं तरी स्वराचा रंग बदलत नाही. इथे डेसिबलचं खरं. पण पखवाजाचं ध्रुपद लावल्यावर माझ्या वूफरने जे उभं केलं ते त्याच्याकडे नव्हतं, आणि तिथे तांब्याच्या तारेचं खरं.

रिसीव्हर आणि टर्नटेबल राहणार, एवढं नक्की. स्ट्रीमर वेगळा घेऊन खोलीची दुरुस्ती त्यात करेन. स्पीकर हाच विचाराचा भाग उरलाय. जाळी काढून पाहिली तर डाव्या वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच भुसा होऊन पडला, उजव्याचाही तडकलाय. एवढं होऊनही कोन शाबूत आहेत. दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, की हाच नवे घेण्याचा मुहूर्त समजू?

सोल्डरगन

नक्की अर्थ आहे. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत साधारण दहा-वीस वर्षांत विरतोच, वाजवा किंवा वाजवू नका. मॉडेलनुसार मापाचे नवे सराउंड (कोनच्या कडेची लवचिक पट्टी) मिळतात. तोपर्यंत ते वूफर वाजवू नका, कारण आधार नसलेली कॉइल चुंबकाच्या गॅपमध्ये घासते.

आधी दोन्ही हातांच्या बोटांनी कोन चारी बाजूंनी सारखा दाबून सोडा आणि कान लावा. खर्र असा आवाज आला नाही तर कॉइल ठीक आहे. जुना फोम आणि डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने सावकाश मऊ करून काढा, कागदी कोनवर घाई करू नका. नवा सराउंड आधी कोनला चिकटवा, तो पूर्ण वाळू द्या, मगच चौकटीला. चौकटीचा डिंक ओला असताना २० ते ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजवत ठेवा, कॉइल आपोआप मध्यावर येते. कुठे घासत असेल तर लगेच ऐकू येतं आणि सराउंड सरकवता येतो. डिंक वाळल्यावर लवचिक राहणारा घ्या, कडक होणारा नको.

दोन्ही वूफर एकदमच करा, एक जुना एक नवा ठेवू नका. काम चाललंय तोवर क्रॉसओव्हरमधले (स्वर ड्रायव्हरांत वाटणाऱ्या सर्किटमधले) नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिक मोजून घ्या. त्यांच्या जागी फिल्म कपॅसिटर घातलेत तर तार स्वर थोडे टोचायला लागू शकतात, कारण जुन्या कपॅसिटरचा आतला रोध डिझाइनमध्ये धरलेला असतो. तेवढा लहानसा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. परत बसवताना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा, दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. वूफरचा नंबर आणि कोनचा बाहेरचा व्यास इथे टाका, कोणता सराउंड लागेल ते सांगतो.